पुजलेली रायफल

रावजींनी रायफल कानाजवळ नेली, बोल्ट मागं ओढला आणि डोळे मिटून खटका ऐकला.

"ही बरी हाय," ते म्हणाले.

सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. इंदापूरच्या दुकानात त्यांनी एका रायफलीला गंज लागलाय म्हटलं, दुसरीचा घोडा सैल ठरवला आणि दुकानदाराला बंदुकीतलं काही कळत नाही, हे त्याच्याच तोंडावर सांगून ते बाहेर पडले. मग एसटीनं बारामती. सोबत सिंधुबाई होत्याच. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी म्हैस घेताना मत दिलं होतं, सून करताना दिलं होतं. बंदुकीलाच कशाला मागं राहतील.

निरवांगीत रावजींचा मका रानडुकरं रोज लोळवत होती. राखणीच्या बंदुकीचा परवाना काढायला म्हाताऱ्यानं एवढ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, की परवाना हातात आला त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले. नवी रायफल झेपणारी नव्हती, जुनी बघायची होती. आता ती घेतल्याशिवाय पारावर बसायची सोय नव्हती.

इथला दुकानदार विजयसिंह सांगू लागला. माल कानपूरचा, तीनशे पंधरा बोअरचा. ज्यांची होती ते गृहस्थ वारले, पोरं पुण्याला, त्यांना हौस नाही. त्यांनी दुकानात जमा केली ती तशीच आहे. हातही फिरवला नाही कुणी.

सिंधुबाईंनी फिरवला. लाकडी दस्त्याच्या नक्षीत लाल काहीतरी बसलं होतं. नखानं उकरून त्यांनी नाकाशी नेलं. कुंकू होतं. दर खंडेनवमीला कुणीतरी या रायफलीची मनोभावे पूजा करत होतं. त्यांना ती रायफल एकदम माणसातली वाटली. घ्या हीच, असं त्या म्हणणारच होत्या.

"आबा, खांद्याला लावून तर बघा," विजयसिंहानं ती पुन्हा एकदा रिकामी असल्याची खात्री करून हातात दिली आणि मागचं दार उघडलं. परसात पाण्याची टाकी होती. "त्या टाकीवरचा कावळा घ्या."

रावजी दारात पाय रोवून उभे राहिले. दस्ता खांद्यात बसवला, गाल टेकवला, एक डोळा मिटला. म्हातारे खरोखर रुबाबदार दिसले, आणि सिंधुबाईंना ते आवडलं. तेवढ्यात कावळा उडाला. टाकीवर नुसता पाइपचा काळा तुकडा राहिला.

"घेतला," रावजी म्हणाले. "मानेवर धरलाय बरोबर. हलंना सुदीक."

विजयसिंहानं सिंधुबाईंकडं पाहिलं. दिवाळीपासून रावजी दाराशी आलेल्या माणसाला आवाजावरून ओळखत होते, हे काय सिंधुबाईंना दिसत नव्हतं? पण डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की हा माणूस ताटावरून उठायचा. आणि संदेश, त्यांचा मुलगा, वीज रात्रीची असली की त्याच मक्यात वाकून पाणी धरायचा.

विजयसिंह काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. सिंधुबाईंनी त्याला बोलूच दिलं नाही.

"ही न्हाय घ्यायची," त्या म्हणाल्या.

रावजींनी रायफल खाली केली. "का गं?"

"कुंकू हाय हिच्यावर. एका घरात पुजल्यालं हत्यार दुसऱ्या घरात नेत न्हाईत. मला भ्या वाटतंय."

असली रीत निरवांगीत काय, अख्ख्या तालुक्यात कुणी ऐकली नव्हती. गेल्या साली जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याच्या बोनेटवर बोटभर कुंकवाचा थर होता, आणि सिंधुबाईंनी त्यावर आपलं आणखी लावून नारळ फोडला होता. तो नारळ रावजींनीच आणून दिला होता.

टाकीच्या दिशेनं त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग रायफल विजयसिंहाच्या हातात दिली.

"बाईमाणसाचं मन मोडून घरात हत्यार आणायचं म्हंजे," ते म्हणाले, "बरं न्हाय ते."

"खरंय, आबा," विजयसिंह म्हणाला आणि त्यानं मागचं दार लावून घेतलं.

स्टँडवर दोघं बाकावर बसले. रावजी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, अशी फक्कड रायफल मिळाली होती, पण आमच्या घरात बायकोचं चालतं. सिंधुबाई मान डोलावत होत्या. व्हय, मी भित्रीच हाय, असंही एकदा म्हणाल्या. तो माणूस त्याच्या गाडीला निघून गेला.

"संदेश असतोय त्या मक्यात," रावजी हळूच म्हणाले.

"व्हय."

समोर एक एसटी येऊन लागली. सिंधुबाई शाळेचं तोंड न पाहिलेल्या; आजवर गाड्यांच्या पाट्या रावजींनीच वाचून सांगितल्या होत्या. आत्ता ते पाटीकडं नुसतेच बघत राहिले. मागच्या बाकावर कॉलेजातल्या पोरी बसल्या होत्या, कुणीही सांगितलं असतं. पण रावजींनी आपला हात सिंधुबाईंच्या मांडीवर उताणा ठेवला.

सिंधुबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. पाटीवरची नजर न काढता त्यांनी त्या राठ तळहातावर बोटानं एक गोल काढला, आणि त्याच्या अंगाला एक उभी काठी.

"व झाला," रावजी म्हणाले. "पुढचं काढ."