ओलं गोणपाट

सासऱ्यांनी खाडीवरून आणलेल्या कुर्ल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवल्या आणि ते आडवे झाले. खाडीतले खेकडे धरणं ही त्यांची हौस. रिकाम्या हातानं ते कधी परतलेच नव्हते.

वैशाखातली काहिली बघून नागपूरच्या नव्या सुनेचा जीव कळवळला. तिनं कुर्ल्या सोडवून नळाच्या गार पाण्यानं भरलेल्या टपात ठेवल्या.

सासरे उठेपर्यंत सगळ्या मेल्या होत्या. मेलेली कुर्ली कोणी खात नाही हे कळल्यावर ती रडकुंडीला आली.  कुदळ घेऊन सासऱ्यांनी सगळ्या माडाच्या मुळाशी पुरल्या.

संध्याकाळी सासूबाई बाजारातून आल्या.

"आज एकय कुर्ली गावाक नाय," सासऱ्यांनी रिकामे हात दाखवत सांगून टाकलं.

"म्हातारे झालास आता!" नुसती डाळ वाढतानाही सासूबाई त्यांना चिडवत राहिल्या. ते मान खाली घालून जेवले.

सून भांडी घासायला बसली, तशा सासूबाई जवळ आल्या. त्यांच्या हातात टपात राहिलेली एक नांगी होती.

"पाण्यात ती गुदमरतत गो. उद्या गोणपाटच भिजवत रव. आणि ह्यांका सांगू नको. माका फसवल्यानी म्हणून कितके खूश आसत, बघ."