पाठीवरचा उस्मान

फय्याजला विहिरीतून वर काढून, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी ठेवलं, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि श्वासाचा पत्ता नव्हता. मोटेचा नाडा तुटून मोट तळाला गेली, ती काढायला तो उतरला आणि दोरात पाय अडकून खालीच राहिला. पोहण्यात आख्ख्या आसेगावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

"कुंभाराचं चाक आना रे!" मळ्याचे मालक नानाजी ओरडले.

बुडालेल्याला चाकावर घालून गरगर फिरवायचं, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर पडतं, हा गावाचा जुना इलाज. त्यानं कोणी वाचल्याचं कोणाला आठवत नव्हतं. इलाज मात्र सगळ्यांना आठवत होता.

शेजारच्या वावरातून इंद्रभान धावत आला. पाठोपाठ फय्याजची आई मेहरबी आली, डोक्यावरचा पदर कुठं पडला तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं आधी पोराकडे पाहिलं आणि मग इंद्रभानकडे.

"भाऊ, तुमाले येते हे. मागल्या लढाईच्या वक्ती तुमी अन् फय्याजचे अब्बा संगंच शिकले. बुडालेल्या मानसाले जितं करायचं."

शिकले होते खरे. कामठीच्या छावणीत, जखमींच्या डोल्या वाहणाऱ्यांच्या तुकडीत, इंद्रभान आणि फय्याजचा बाप उस्मान यांची जोडी होती. पण हवालदारानं पहिल्याच दिवशी इंद्रभानच्या काटकुळ्या अंगाकडे बोट दाखवलं होतं, "तू बुडालेला." तेव्हापासून शिकवणी संपेपर्यंत तो रोज पालथा पडे आणि उस्मान त्याच्या पाठीवर हात ठेवून श्वास चालवे. मग आगबोट आली, बसरा आलं आणि उस्मानला ताप आला. त्याला तिथल्या वाळूत पुरून इंद्रभान एकटाच गावी परतला, तेव्हा फय्याज नुकता चालायला लागला होता.

त्यानंतर इंद्रभान कधी पालथा झोपला नाही. चुकून पालथा झालाच, तर पाठीवर दोन ऊन तळवे येऊन टेकत. बायकोला, गोजराबाईला, तो पोट दुखतं म्हणून सांगे. त्याला भीती वाटायची, आणि इतक्या जिवलग माणसाची भीती वाटते याची लाजही वाटायची.

"भाबी, मले नाई येत," तो म्हणाला. "उस्मान करे. मी नुसता पडून राहो."

मेहरबीचा आवाज एकदम चढला. "मंग पडा नं! पडून पाहा, ते काय करत!"

इंद्रभान चिखलात फय्याजशेजारी पालथा पडला. गडी गांगरला, असं लोकांना वाटलं. कोणीतरी हसलंही.

हात आले. या खेपेला तो कुशीवर वळला नाही. दात आवळून पडून राहिला आणि हात काय करतात ते पाहत गेला. तळवे खांद्यांवर नव्हते, खाली होते, बरगड्या संपतात तिथं. अंगठे कण्याजवळ. जोर मनगटाचा नव्हता, पुढं झुकणाऱ्या सगळ्या अंगाचा होता. आणि कानाशी तोच आवाज. दाबायची-सोडायची हवालदाराची मोजणी उस्मानला कधी जमलीच नाही. जातीचा मोटकरी तो, बैल हाकल्यासारखा श्वास हाके. दाबताना म्हणे "जाय रे," आणि सोडताना "ये मांगं."

इंद्रभान उठला. फय्याजला पालथं केलं, मान एका अंगाला वळवली, दोन्हीकडे गुडघे टेकले.

"जाय रे."

पोराच्या तोंडातून पाण्याची धार लागली.

"ये मांगं."

तेवढ्यात चाक आलं. "सोड त्याले," नानाजी म्हणाले. "मुर्द्याचे कायले हाल करून राह्यला?" त्यांनी गड्यांना खूण केली. मेहरबी उठली आणि सरळ चाकावर जाऊन बसली. बाईमाणसाला हात लावून उठवणार कोण? गडी मागं सरले.

इंद्रभानचे दंड भरून आले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी हाक थांबली नाही. ती आपल्याच तोंडून निघते आहे, याची त्याला खात्री उरली नव्हती. मोटेच्या उतारावर, धावेवर, जुंपून ठेवलेले बैल, नाडा तुटलेला असूनही, त्या हाकेसरशी दोन पावलं उतरत आणि दोन पावलं मागं येत.

मग त्याच्या तळव्यांखाली फय्याजची पाठ आपली आपण वर आली. पोरगं खोकलं, ओकलं आणि "अम्मी" म्हणालं.

मेहरबीनं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं तिनं इंद्रभानचे हात ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि सोडून दिले.

घरी आल्यावर इंद्रभान सारवलेल्या जमिनीवर मुद्दाम पालथा पडला. आता त्याला कसलीच भीती नव्हती. उलट उस्मानला सांगायचं होतं, तुझं पोरगं वाचलं म्हणून. तो वाट पाहत राहिला. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं, तरी पाठीवर कोणी आलं नाही.

गोजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थबकली. "पोरगं तं वाचलं म्हन्तात. मंग तुमी काहून रडून राह्यले?"

"माही पाठ दाब जरा."

ती खाली बसली. "इथं?"

"खाली. बरगड्या सरतात तिथं."

तिनं दाबलं. हात चांगले होते, कष्टाचे होते, ऊनही होते. इंद्रभाननं कपाळ जमिनीला टेकवलं.

"ये मांगं," तो म्हणाला. "ये मांगं रे."