हार्किनचं फावडं

"नाव काय म्हणालास?" कॉन्डीने पुन्हा विचारलं.

"फेलिम मॅकगार्वी," सकाळच्या बोटीतून नुकताच उतरलेला कबर खणणारा म्हणाला. "का हो? काही चुकलं का?"

चुकलं होतं ते अख्ख्या बेटाचंच. कबरस्तानात जमलेल्या सहाही जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पलीकडच्या गावातून हा माणूस ठरवताना कॉन्डीने त्याच्या पाठीचं दुखणं विचारलं होतं, पितो किती तेही विचारलं होतं. आडनाव तेवढं राहिलं. राहणारच. या बेटावर कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. दगड मारावा तर मॅकगार्वीलाच लागेल. 'ओवेनचा कॉन्डी', 'लाल्या जेम्स' म्हटलं की भागतं.

आणि मॅकगार्वीची कबर मॅकगार्वीने खणायची नाही. आपल्याच नावाच्या माणसाला आपण मातीत लोटायचं नाही, हा इथला रिवाज. तो आजवर कोणी मोडला नव्हता, आणि आज दुपारी एक वाजता कॉन्डीच्या थोरल्या भावाला, डोनलला, मूठमाती द्यायची होती. पाद्री येऊन बसले होते. जमिनीत अजून फावड्याचा घावसुद्धा पडला नव्हता.

"अहो, पण मी परका," फेलिम म्हणाला. "आमच्या खापरपणजोबांनी हे बेट सोडलं, त्याला आता..."

"म्हणजे घरचाच निघालास की," लाल्या जेम्स म्हणाला. "ये, चहा घे. हत्याराला मात्र हात लावू नकोस."

तेवढ्यात टेकाडावरून उना उतरताना दिसली. डोनलची बायको, एकाहत्तर वर्षांची. पायांत डोनलचेच बूट आणि खांद्यावर लांब दांड्याचं, अरुंद पात्याचं फावडं.

बेटावर वेगळ्या आडनावाचं हे एकच माणूस. इथे बाई लग्नानंतरही बापाच्याच नावाची राहते, त्यामुळे सेहेचाळीस वर्षं संसार करूनही ती हार्किनच होती. पहिला हार्किन आला तो दुष्काळाच्या सालात. बटाटा कुजला, मागोमाग ताप आला, घराघरातून मॅकगार्वी मरायला लागले आणि उरलेल्यांना खणायची बंदी. कोण कुठला ब्रायन हार्किन, सुके मासे घ्यायला एकटाच होडी वल्हवत आला होता. मासे नव्हतेच. तो थांबला. महिनाभरात त्याने एकतीस कबरी खणल्या, आणि तापाच्या भीतीने सख्खे भाऊ दारात उभे राहत नव्हते तेव्हा मढी खांद्यावरून वाहिली. गावाने त्याला कबरस्तानाला लागूनची जमीन दिली. तेव्हापासून बेटावरचा प्रत्येक मॅकगार्वी हार्किनने खणलेल्या जागेतच निजला. उनाचा शेवटचा भाऊ मागच्या वर्षी ग्लासगोला लेकीकडे गेला आणि तिथेच वारला. आता उरली ही.

"तू नाही, उना," कॉन्डी पुढे होत म्हणाला. "नवऱ्याची कबर बायकोने खणायची, हे कुठे ऐकलंय का?"

"मग तू खणतोस?"

कॉन्डीने बोटीकडे नजर टाकली.

"फादरना सांगून उद्यावर ढकलू. दुसरा माणूस आणू."

"त्याला ताटकळत ठेवू म्हणतोस? जेवायला दहा मिनिटं उशीर झाला तरी भांडी आदळायचा तो." तिने पदर खोचावा तसा घागऱ्याचा घोळ कमरेला खोचला. "सरक बाजूला."

तिने हिरवळीचे चौकोन कापले आणि एकेक उचलून नीट रचून ठेवले. मग पातं वाळूत घातलं. घाई नाही, थांबणं नाही. तिच्या लग्नात कॉन्डी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वहिनी बघायला गेलो आणि फावडं घेऊन आलो." केवढा हशा पिकला होता. आज ते आठवून त्याला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. असं माणूस घरात होतं आणि आपण त्याची टिंगल करत राहिलो.

"वर टाकलेली वाळू बाजूला केली तर चालेल का?" त्याने विचारलं.

"हातांनी करा. फावडं नको."

मग सहाही जण गुडघ्यांवर बसले आणि ओंजळी भरभरून वाळू मागे सारू लागले. फेलिमने चहा तसाच ठेवला आणि तोही येऊन बसला.

साडेबाराला उना खांद्याएवढी आत होती. कॉन्डीने तिला वर घ्यायला हात दिला, पण ती खाली वाकली. तळ हाताने सपाट केला, एक खडा सापडला तो उचलून खिशात टाकला.

"पाठीला टोचला असता," ती म्हणाली.

वर आल्यावर ती रचलेल्या हिरवळीवर बसली. कॉन्डी शेजारी टेकला.

"उना, तुझं कोण खणणार गं?"

तिने त्या सात जणांकडे पाहिलं. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत वाळूने माखले होते.

"तुमच्यात माझ्या नावाचं कोणीच नाही," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना मोकळीक आहे."

आणि तिने फावडं कॉन्डीच्या मांडीवर ठेवलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"तोवर गंजू देऊ नकोस," उना म्हणाली.