बाईंचं उत्तर

“विद्यार्थ्यांच्या मेसेजना उत्तर देता का, बाई?” विद्यापीठातून आलेल्या नेत्रानं विचारलं. शिक्षक मोबाइल कसा वापरतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं.

“एकालाही विन्मुख धाडत नाही,” उज्ज्वलाबाई हसून म्हणाल्या. सकाळची पूजा आटोपली की त्या फोन घेऊन बसत आणि देवांना फूल वाहावं तसे प्रत्येक मेसेजला जोडलेल्या हातांचं चिन्ह वाहत. सुप्रभात असो, वाढदिवस असो, कुणाला वाईट वाटायला नको. वाचायला सवड कुणाला होती? मुख्याध्यापक कौतुकानं त्यांना ‘मोबाइल माउली’ म्हणायचे.

बाईंनी मोठ्या हौसेनं फोन पुढे केला. नेत्रा तो चाळता चाळता थबकली.

“ही ऋतिका कोण?”

“नववीतली. दिवाळीनंतर आलीच नाही. मामाकडे गेली म्हणतात.”

नेत्रानं तो मेसेज उघडून फोन परत दिला. ‘बाई, मी ऋतिका. हा आईचा फोन आहे. रविवारी माझं लग्न लावतायत. मला शिकायचंय. घरी येऊन समजवा ना.’ खाली बाईंचे जोडलेले हात होते.

बाईंनी बसल्या जागी तोच नंबर लावला.

“बरं झालं फोन केला, बाई,” ऋतिकाची आई म्हणाली. “तुमचे लई उपकार. पोर अन्नाला शिवत नव्हती. मग तुमचे हात दाखवले तिला. म्हटलं, बघ, बाईंचाही होकार आहे. तशी मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहिली.”