मामाने बसवलेले ब्रेक

भाचा सायकलसकट उतारावरून दरीत गेला, त्या दिवसापासून ताईचं एकच पालुपद, "ब्रेक तूच बसवले होतेस ना?"

अखेर मामाने ती बिनरंगाची ॲल्युमिनियमची माउंटन सायकल पुन्हा उभी करायला घेतली. चाकं, साखळी, पेडलं, सगळं त्या सायकलच्याच सालचं धुंडाळून बसवलं. ताईला शंकेला जागाच नको. ब्रेकना तेवढा हात लावला नाही. मग ताईला घेऊन त्याच उतारावर गेला आणि सायकलवर बसून सुटला. वळणावर दोन बोटांनी ब्रेक दाबताच सायकल जागीच थांबली.

"बघ ताई, लागले! देव पावला गं!"

ताई मटकन खाली बसली. "मग त्याने का नाही रे दाबले?"

मामाचे हात आपोआप जोडले गेले. देवा, दोष माझाच निघू दे, एवढंच त्याला मागावंसं वाटलं.