खाडीच्या तिसऱ्या

"मावशी, या वेळी वाळूचा कणही नाही गं," पहिलाच घास घेऊन किर्ती म्हणाली.

"दोनदा धुवून घेतलंय." शेवंतीमावशीने तिच्या ताटात शिंपल्यांची आणखी एकशिपी वाढली. "खा गो. हापिसात काय खातस ता दिसताच हा."

किर्ती हसली. जेवताना हसण्याची सवय मोडली होती. शेजारी स्टुलावर लॅपटॉप उघडाच होता.

लोअर परळच्या एका सल्लागार कंपनीत ती नदीच्या पाण्याची वाटणी ठरवायचं काम करायची. ही नदी मावशीच्या गावापाशी खाडीला मिळते. मागच्या वर्षी वरच्या गावांनी उन्हाळी पिकासाठी पाणी मागितलं. मागणी खोटी नव्हती. करपलेली शेतं किर्ती स्वतः पाहून आली होती. धरणातलं पाणी मात्र तेवढंच. मग तिने खाडीकडे सोडायचं पाणी निम्म्यावर आणलं. वरची शेतं हिरवी झाली. ऑफिसात कौतुक झालं. लालबागच्या या घरात तिने ते कुणालाच सांगितलं नाही.

कारण खाडीवर मावशी होती. ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे हे शिंपले, काढायच्या आणि बाजारात विकायच्या, यावर तिने दोन मुलं वाढवली. वरून गोडं पाणी कमी आलं की समुद्र आत सरकतो, खाडीचा खारटपणा वाढतो, तिसऱ्या मरतात. हे किर्तीला पाठ होतं. या खाडीत तो किती वाढला, एवढंच ठाऊक नव्हतं. तिथलं मोजणीचं यंत्र बंद पडलं होतं. मावशीला फोन करून विचारता आलं असतं. वर्षभरात तो फोन तिने केला नाही.

हीच वाटणी पुढे चालू ठेवायची का, ते आज कळवायचं होतं. 'खाडीवरील परिणाम' या मथळ्याखाली अजून एक ओळही नव्हती. आणि सकाळी गावच्या गाडीतून उतरून मावशी दरवर्षीसारखी दारात उभी राहिली. हातात तिसऱ्यांची पिशवी. टपोऱ्या, घट्ट मिटलेल्या, जिवंत.

याहून चांगला पुरावा कुठला? किर्तीने डाव्या हाताने टाइप केलं, 'शिंपले पूर्वीप्रमाणे मिळतात. लक्षणीय परिणाम नाही.' पाठवून दिलं. मग तिने आणखी भात मागितला.

तेवढ्यात खालून हाक आली. चाळीच्या फाटकाशी टोपली घेऊन बसणारी दर्शना कोळीण.

"ओ गाववाल्या मावशी! कशा निघाल्या माझ्या तिसऱ्या? उद्याला ठेवू काय अजून?"

मावशीचा वाढता हात तसाच राहिला. किर्तीने त्या हाताकडे पाहिलं. शिंपल्यांच्या धारेने दरवर्षी त्या बोटांवर चिरा असायच्या. आज एकही नव्हती.

"खाडीत काहीच मिळत नाही?"

"गेल्या उन्हाळ्यापासून नाय." मावशी ओशाळली, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती. "मी आता काजूच्या कारखान्यात जातंय. पण रिकाम्या हातान कशी येव गो बहिणीच्या घरात?"

"मला सांगायचं तरी!"

"तुका कित्याक तरास? तूच एकटी थंय आमची बाजू धरतस." मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू हापिसात आसस म्हणान एवढा तरी पाणी सोडतत, असा मी वाडीत सगळ्यांका सांगतंय."