चेटकिणीनं मारलेलं पोर

नातवानं, प्रितेशनं, भिवंडीहून भुताच्या जुन्या सिनेमाची सीडी आणून लावली, तशी कमळाआजीनं टीव्हीकडे पाठ फिरवली. वीस वर्षांपूर्वी त्या सिनेमाचं शूटिंग अंबाडीजवळ त्यांच्याच शेतात झालं होतं. चेटकिणीनं मारलेलं पोर म्हणून तिच्या धाकट्याला निजवलं होतं. “जित्या पोराचं मढं करू नये गो,” सासू म्हणाली होती. कमळेनं हसण्यावारी नेलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात पोर तापानं गेलं. तेव्हापासून त्या सिनेमाचं नावही तिनं घेतलं नव्हतं. इतक्यात नातवंडं खिदळली. “आजी, बघ! मढ्याचं पोट हलतंय!” न राहवून ती वळली. पांढऱ्या कापडाखाली इवलंसं पोट वर-खाली होत होतं. हसू दाबत पडलेलं तिचं पोर श्वास घेत होतं. तिचे भरलेले डोळे पाहून प्रितेशनं घाईघाईनं चित्र थांबवलं. पोटही थांबलं. “थांबवू नको रे!” ती कळवळली. “चालू दे.”